ग्राफिक्स कार्ड तापतंय? आधी मोजा, मग खोला

मंडळाच्या अंकात मी दरवेळी कवितेवर नाहीतर एखाद्या कादंबरीवर लिहिते. यावेळी ग्राफिक्स कार्डावर लिहिते म्हटल्यावर संपादक मंडळातल्या मैत्रिणीने भुवयाच उंचावल्या. पण आपल्यात गेमिंग लॅपटॉपवाले बरेच आहेत. मार्च-एप्रिल आला की त्यातले कितीतरी जण ‘माझा लॅपटॉप तव्यासारखा तापतोय गं’ म्हणत माझ्याकडे येतात, कारण मागच्या वर्षी माझी काय फजिती झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आपल्या मंडळाने खानापूर भागातल्या चार आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. त्याची फिल्म जोडायचं काम माझ्याकडे आलं, कारण ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप तेव्हा माझ्याकडेच होता. खरं तर तो माझा आणि धाकट्या भावाचा. पप्पांनी सोसायटीचं कर्ज काढून ६२ हजारांना घेतला होता. दिवसा माझा अभ्यास, संध्याकाळी त्याचे गेम, आणि तो झोपला की माझे गेम. वार्षिक कार्यक्रमाला चार दिवस उरले होते. चौघींपैकी एक आजी जानेवारीत गेल्या होत्या, आणि त्यांच्या घरची माणसं फिल्म बघायला येणार होती.

रात्री साडेअकराला फिल्म एक्सपोर्टला लावली. पंखे घरघरायला लागले, कीबोर्डच्या वरच्या भागावर बोट ठेववेना, आणि ६८ टक्क्यांवर स्क्रीन काळी झाली. पुन्हा लावली, ४१ टक्क्यांवर बंद. तिसऱ्यांदा तर २० टक्केसुद्धा झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पप्पांबरोबर दुकानात गेले. तिथल्या अण्णांनी लॅपटॉप चालू केला, एक गेम लावला, थोड्या वेळात तो बंद पडला. ते म्हणाले, “ग्राफिक्स कार्ड गेलंय की ताई. हे बोर्डालाच चिकटलेलं असतंय, वेगळं निघत नाही. बोर्ड बदलायचा तर २८ हजार.” वॉरंटी संपून पाच महिने झाले होते. पप्पा काही बोलले नाहीत. गाडीला किक मारताना नुसतं “बघू” म्हणाले. आमच्या घरात पप्पांचं ‘बघू’ म्हणजे कुठून तरी पैसे उभे करायला लागणार, एवढं मला कळतं.

त्या संध्याकाळी शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती फिजिक्स करते. माझं रडगाणं ऐकून तिने एकच विचारलं, “अगं, पण किती तापतो ते मोजलंस का?”

मोजलं नव्हतं. दुकानातही कुणी मोजलं नव्हतं.

एवढी उष्णता येते कुठून

आपण ग्राफिक्स कार्ड म्हणतो खरं, पण बहुतेक लॅपटॉपांत ‘कार्ड’ असं वेगळं काही नसतं. डेस्कटॉपमध्ये ते काढता-घालता येतं. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप आणि तिच्या भोवतीच्या मेमरी चिपा मदरबोर्डावरच डाग देऊन बसवलेल्या असतात. अण्णांचं तेवढं म्हणणं बरोबर होतं.

ही चिप जेवढी वीज खाते ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० चं उदाहरण घ्या. डेस्कटॉपमधलं हे कार्ड १७० वॉटचं. त्याच नावाची लॅपटॉपमधली चिप ६० पासून ११५ वॉटपर्यंत, आणि नक्की किती ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून एकाच नावाच्या चिपा असलेले दोन लॅपटॉप वेगवेगळ्या वेगाने पळतात आणि वेगवेगळे तापतात. आता घरातला जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब आठवा. जळत असताना त्याला हात लावता यायचा नाही. तेवढी किंवा त्याहून जास्त उष्णता इथे टपालाच्या तिकिटाहून लहान जागेत तयार होते, आणि ती जागा दोन बोटं जाडीच्या डब्यात बंद असते. शेजारीच मुख्य प्रोसेसर बसलेला असतो, तो आपली वेगळी भर घालतो.

म्हणजे गेम खेळताना किंवा व्हिडिओ बनवताना लॅपटॉप गरम होणं यात बिघाड काही नाही. तयार झालेली उष्णता बाहेर पडते आहे की आत साठते आहे, एवढंच बघायचं असतं.

चिपेपासून खिडकीपर्यंत

उष्णतेचा रस्ता समजला की पुढचं सगळं सोपं होतं. या रस्त्यावर पाच टप्पे आहेत: चिप, थर्मल पेस्ट, तांब्याची नळी, फिन्स आणि पंखा.

चिपेचा वरचा भाग आणि त्यावर बसणारा तांब्याचा तुकडा दोन्ही गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर त्यांना खाचखळगे असतात. त्या खाचांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेची मोठी अडवणूक करते. तांब्यातून उष्णता जेवढ्या सहज वाहते त्याच्या सुमारे पंधरा हजारावा हिस्साच हवेतून वाहते. म्हणून मधे थर्मल पेस्ट लावतात. पेस्ट तांब्याइतकी चांगली नसते, पण हवेपेक्षा शेकडो पटीने बरी. वर्षानुवर्षं तापून-निवून ती वाळते, किंवा हळूहळू कडेला सरकून मधली जागा कोरडी पडते.

मग येते तांब्याची चपटी नळी, म्हणजे हीट पाइप. मला या सगळ्यात हीच सर्वात आवडली. मी समजत होते ती भरीव असेल. ती पोकळ असते. आतली हवा काढून अगदी थोडं पाणी घालतात आणि तोंड बंद करतात. हवा नसल्याने आत दाब कमी, आणि दाब कमी म्हणून ते पाणी शंभर अंशांची वाट न बघता आधीच उकळतं. चिपेच्या बाजूला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या भिंतीवरच्या जाळीदार थरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, परत चिपेकडे येतं. मोटार नाही, वीज नाही, आवाज नाही. या कल्पनेचं पेटंट १९४४ मध्ये जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांना मिळालं होतं. पण ती प्रत्यक्षात आणली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी, १९६३ मध्ये. आज ती आपल्या मांडीवर असते आणि आपल्याला पत्ता नसतो.

नळीचं थंड टोक धातूच्या पातळ पट्ट्यांच्या झालरीला जोडलेलं असतं, त्या फिन्स. पंखा खालून थंड हवा ओढतो आणि फिन्समधून बाजूला किंवा मागे फेकतो. बऱ्याच लॅपटॉपांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांच्या नळ्या सामाईक असतात. सामाईक विहिरीसारखं समजा: एकाने जास्त उपसा केला की दुसऱ्याला कमी पडतं. पुढे एक उपाय सांगणार आहे तो यावरच आधारलेला आहे.

मोजायचं कसं आणि आकडे वाचायचे कसे

विंडोजमध्ये २०२० च्या अपडेटपासून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ग्राफिक्स चिपेचं तापमान दिसतं. जास्त तपशील हवा तर एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात तापमान, वेग, वॉट सगळं नोंदवता येतं. पंधरा मिनिटं नेहमीचा गेम चालवा आणि हे आकडे वहीत लिहा: सुरुवातीचं तापमान, जास्तीत जास्त तापमान, तिथे पोचायला लागलेला वेळ, चिपेचा वेग, आणि खोलीचं तापमान.

खोलीचं तापमान का? कारण चिप जी तापते ती खोलीच्या वर तापते. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारी चिप मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत तेच काम करताना साधारण ८७ दाखवणार. हैदराबादचा मावसभाऊ आणि मी एकच गेम खेळतो, तर त्याचे आकडे माझ्यापेक्षा जास्त येतात यात त्याच्या लॅपटॉपचा काही गुन्हा नाही.

पूर्ण भारावर ७५ ते ८२ अंश हे गेमिंग लॅपटॉपला नेहमीचं आहे. एनव्हिडियाच्या बऱ्याच लॅपटॉप चिपांची मर्यादा ८७ अंशांच्या आसपास ठेवलेली असते. तिथे पोचल्यावर चिप स्वतःचाच वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात, आणि गेम अचानक अडखळायला लागतो तो बहुधा यामुळेच. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची. वेग कमी करूनही तापमान चढतच राहिलं तर जळू नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होतं. दुकानात ‘कार्ड गेलं’ असं दिसलं ते हेच होतं. कार्ड स्वतःला वाचवत होतं.

आकड्यांवरून बिघाडाची जागाही कळते. दोन खुणा लक्षात ठेवा.

पहिली खूण वेळेची. गेम सुरू केल्याबरोबर दहा-वीस सेकंदांत तापमान ८५ च्या पुढे उडी मारत असेल, तर चिपेची उष्णता तांब्यापर्यंतच पोचत नाही, म्हणजे पेस्ट वाळलीय किंवा स्क्रू नीट बसलेले नाहीत. पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत जाऊन वर अडकत असेल, तर उष्णता फिन्सपर्यंत येते पण बाहेर पडत नाही, म्हणजे धूळ, पंखा किंवा हवेची वाट.

दुसरी खूण हाताची. जिथून हवा बाहेर येते तिथे हात धरा. आकडा ९० आणि हवा भरपूर पण कोमट, तर संशय पेस्टवर किंवा नळीवर. हवा अगदी थोडी पण चटका देणारी, तर फिन्स तुंबल्यात. हवा मुळीच नाही, तर पंखाच बंद आहे.

माझे आकडे असे होते: खोली ३१, सुरुवात ५८, सहा मिनिटांत ८७, वेग निम्म्याच्याही खाली, आणि थोड्या वेळाने ९६ वर बंद. डाव्या बाजूने गरम हवेचा झोत, उजव्या बाजूने नुसती चटका देणारी फुंकर. आणि पहिल्यांदा ६८ टक्के, मग ४१, मग २० का, तेही कळलं. प्रत्येक वेळी मी आधीच तापलेल्या धातूवरून सुरुवात करत होते.

मैत्रिणीला आकडे पाठवले. ती म्हणाली, “धूळ आहे गं. पण कार्यक्रमाला तीनच दिवस राहिलेत ना? आत्ता खोलू नकोस. एखादा स्क्रू हरवलास तर फिल्मही जाईल. आधी बाहेरून जेवढं होतंय तेवढं कर.”

न खोलता होणारे उपाय

एकेक उपाय करायचा आणि प्रत्येकानंतर मोजायचं, अशी तिची अट होती. पाच गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पहिला, लॅपटॉप उचलणं. गादीवर, रजईवर, मांडीवर ठेवला की खालची हवेची जाळी बंद होते. टेबलावर ठेवून मागची बाजू एक-दीड इंच उचला. मी साहित्याची विद्यार्थिनी असल्याने खाली जाडजूड शब्दकोश ठेवला, तोही बरोबर मधोमध, म्हणजे जाळीवरच. आकडा दोन अंशांनी वाढला! मग मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटल्यांची दोन-दोन झाकणं ठेवली. चार अंश कमी झाले, खर्च शून्य. बाजारातल्या पंखेवाल्या कूलिंग पॅडचाही उपयोग होतो, पण त्यातला बराचसा फायदा या नुसत्या उचलण्याचाच असतो.

दुसरा, फ्रेमवर लगाम. लॅपटॉपची स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर गेमने १४० बनवून उपयोग काय? गेमच्या सेटिंगमध्ये किंवा एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ ६० करा. स्क्रीन १४४ वाली असली तरी कथाप्रधान गेमला ६० पुरतात. सावल्या आणि प्रतिबिंबं ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणा. भावाने आधी तोंड वाकडं केलं, नंतर त्याला फरकही ओळखता आला नाही.

तिसरा, प्रोसेसरची उडी थांबवणं. मघाशी सामाईक नळ्यांचं म्हटलं ते आठवा. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० च्या जागी ९९ करा. एक टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण त्यामुळे प्रोसेसरचा टर्बो वेग बंद होतो आणि त्याची उष्णता बरीच उतरते. नळीत जागा रिकामी होते, ती ग्राफिक्स चिपेला मिळते. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो. तिथे कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला ‘बॅलन्स्ड’ किंवा ‘क्वाएट’ मोड बघा.

चौथा, अंडरव्होल्टिंग. नाव भीतीदायक आहे, गणित नववीचं. चिपेची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी केलं, तर तोच वेग राखून वीज ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१ वर येते, जवळजवळ १९ टक्के बचत. सगळ्या चिपा एकसारख्या निघत नाहीत, म्हणून कंपन्या थोडं जास्तीचं व्होल्टेज देऊन ठेवतात. ते जास्तीचं आपण काढून घेतो. एमएसआय आफ्टरबर्नर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेज आणि वेग यांचा आलेख असतो. त्यावर थोडं-थोडं खाली यायचं आणि दरवेळी अर्धा तास गेम चालवून बघायचा. गेम बंद पडला तर एक पायरी वर जायचं. इथे धोका फारसा नाही, कारण व्होल्टेज आपण वाढवत नसून कमी करतो. काही कंपन्या ही सोय बंद करून ठेवतात. तसं असेल तर नाद सोडा.

मी फिल्मसाठी पहिला आणि तिसरा उपाय केला, बाजूला टेबलफॅन लावला, आणि फिल्मचे तीन तुकडे करून एकेक एक्सपोर्ट केला, मधे वीस-वीस मिनिटं लॅपटॉप निवू दिला. पहाटे पावणेतीनला शेवटचा तुकडा पुरा झाला. जास्तीत जास्त तापमान ८४. कार्यक्रम ठरल्या दिवशी झाला. जानेवारीत गेलेल्या आजींची नात नंतर पेनड्राइव्ह घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, म्हणाली, “ताई, आमच्याकडं आज्जीचा आवाज कुठंच नाही, एवढाच आहे.” २८ हजार कुठून आणायचे यात ते चार दिवस गेले असते तर तिला काय दिलं असतं, हा विचार मी अजून करते.

खोलायचं असेल तर

कार्यक्रमानंतरच्या रविवारी, मिस्साहून आल्यावर, जेवणाचं टेबल रिकामं करून आम्ही दोघा भावंडांनी लॅपटॉप खोलला. वॉरंटी चालू असेल तर हे करू नका, आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. वॉरंटी नसेल तर क्रम असा.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. आपल्याच मॉडेलचा खोलण्याचा व्हिडिओ आधी शेवटपर्यंत बघा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवा. झाकण निघाल्याबरोबर सर्वात आधी बॅटरीची वायर सोडवा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. तिला टोचू नका, दाबू नका, सरळ दुकानात न्या.

धूळ पंख्याच्या पात्यांवर दिसते तेवढीच असते असं आम्हाला वाटलं होतं. पात्यांवर नुसती पावडर होती. खरा माल पंखा आणि फिन्स यांच्या मधे असतो, आणि तो पंखा उचलल्याशिवाय दिसत नाही. आमच्या उजव्या पंख्यामागे धूळ, केस आणि मांजराची लव यांची करड्या रंगाची अख्खी पट्टी निघाली, फेल्टच्या कापडासारखी. चिमट्याने धरून सलग बाहेर आली. मम्मी म्हणाली, “शी! हे घेऊन तू रोज पलंगावर बसत होतीस?” नुसतं बाहेरून फुंकणाऱ्याने ही पट्टी निघत नाही, उलट आणखी घट्ट बसते.

फिन्स मऊ कोरड्या ब्रशने साफ करा. हवा मारायची असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा वेड्यासारखा फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं.

पेस्ट बदलायची तेव्हाच जेव्हा पहिली खूण तिच्याकडे बोट दाखवते. ते काम जास्त नाजूक आहे. तांब्याच्या पट्टीवर स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. सोडवताना उलट्या क्रमाने, बसवताना त्याच क्रमाने, आणि प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेमरी चिपांवर ज्या मऊ पट्ट्या असतात त्या थर्मल पॅड. त्या फाटल्या तर त्याच जाडीच्या आणायच्या. अर्धा मिलिमीटर जास्त जाड घातली तर तांबं वर उचललं जातं आणि मुख्य चिपेवर टेकतच नाही. एवढं जमेल का अशी शंका असेल तर हे काम दुकानात द्या, फक्त ‘पेस्ट बदला आणि आधीचं-नंतरचं तापमान दाखवा’ असं स्पष्ट सांगून द्या. आमची पेस्ट आम्ही बदलली नाही, गरजच पडली नाही. नुसती ती पट्टी काढून तोच गेम, तीच खोली, तीच पंधरा मिनिटं: ७६ अंश.

हे मात्र नको

लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवू नका, खाली बर्फाची पिशवी किंवा ओलं फडकं ठेवू नका. पावसाळ्यात थंड तांब्याच्या भांड्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच आत बोर्डावर सुटतं.

बोर्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा एक जुना तोडगा अजून ऐकू येतो. त्याच्यामागे खरी गोष्ट आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की आपल्या काही आधीच्या लॅपटॉप चिपांत पॅकेजिंगच्या साहित्याचा दोष निघाला आहे, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. वारंवार तापून-निवून चिपेखालचे सूक्ष्म जोड तडकत होते. तेव्हा लोकांनी बोर्ड ओव्हनमध्ये घातले, आणि काहींचे थोडे दिवस चाललेही. पण तो जोड नीट बसत नाही, प्लॅस्टिक वितळतं, आणि ज्या ओव्हनमध्ये केक करायचा त्यात नको तो धूर भरतो. नाद करू नका.

खरंच गेलं असेल तर

कधीकधी चिप खरोखर गेलेली असते. थंड असताना, लॅपटॉप चालू केल्याबरोबर स्क्रीनवर रंगीत चौकोन किंवा उभ्या रेघा येतात, बाहेरचा मॉनिटर लावला तरी त्या तशाच दिसतात, आणि ड्रायव्हर पुन्हा घालूनही विंडोजला ग्राफिक्स चिप सापडत नाही. तापल्यावरच त्रास होतो आणि निवल्यावर सगळं ठीक, तर चिप जिवंत असण्याचीच शक्यता जास्त. हा फरक दुकानात जाण्याआधी स्वतः बघून ठेवा.

दोन आठवड्यांनी मी त्या दुकानात पुन्हा गेले. भांडायलाच गेले होते. फोनवर काढलेला धुळीच्या पट्टीचा फोटो आणि दोन्ही वेळचे आकडे अण्णांपुढे ठेवले. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “खरं हाय ताई. पण धूळ काढायचे पाचशे मागितले की लोक म्हणतात, नुसती फुंकर मारायला पाचशे? बोर्ड बदलला की हजारांत देतात, आणि काय बोलत नाहीत.” मला पटकन उत्तर सुचलं नाही. पाचशे रुपये मागितले असते तर मीसुद्धा कदाचित तेच म्हटलं असतं. तेव्हापासून मी लोकांना त्यांच्याकडेच पाठवते, पण आकडे लिहिलेला कागद हातात देऊन.

आमचा खर्च झाला स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि ब्रश मिळून ३२० रुपये. पप्पांना बिल दाखवलं तर त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, “मग आता ते दर किती महिन्यांनी साफ करायचं?”

सहा, असं मी सांगितलं. घरात मांजर नसेल तर वर्षातून एकदाही पुरे.